वयाचा जमाखर्च

व्यापारी घराण्यात वाढलेल्या माणसाला आकड्यांतील ढिलाई खपत नाही. दिवसाअखेर रोजमेळात चार आण्यांचा फरक निघाला, तर तो सापडेपर्यंत जुने मुनीम दुकानातला दिवा मालवू देत नसत. पण त्याच घरात आजोबांचे वय विचारा. “असेल पंचाऐंशी-नव्वद,” असे उत्तर येते आणि पाच वर्षांच्या त्या फरकाचे कोणालाच काही वाटत नाही. आज अनेक कुटुंबे हौसेने आपली वंशावळ लिहून काढीत आहेत. कोणी छापील पुस्तिका करतो, कोणी संगणकावर घराण्याचा वृक्ष रेखाटतो. या कामाला बसलेल्या प्रत्येकाला एक अनुभव हमखास येतो. नावे जुळतात, गावे जुळतात, गोत्र तर जुळतेच. मात्र वयाचा मेळ काही केल्या बसत नाही. एकाच व्यक्तीचे वय शाळेच्या दाखल्यात एक, लग्नाच्या वेळचे दुसरे आणि मृत्यूच्या दाखल्यात तिसरेच असते. हा फरक येतो कोठून, आणि तो आढळला म्हणजे लिहिणाऱ्याने काय करावे, याचा विचार या वेळी करू.

पहिली गोष्ट ही की, पूर्वी वय मोजण्याची फारशी गरजच पडत नसे. माणूस वर्षांनी नव्हे, प्रसंगांनी लक्षात राही. मारवाडातून आणि गुजरातेतून महाराष्ट्रात आलेल्या कुटुंबांत ‘छप्पनियाच्या आधीचा’ किंवा ‘छप्पनियानंतरचा’ अशी वयाची खूण अगदी अलीकडेपर्यंत सांगितली जाई. छप्पनिया म्हणजे विक्रम संवत १९५६ चा, अर्थात इसवी सन १८९९-१९०० चा भीषण दुष्काळ. तशाच खुणा १८९६-९७ च्या प्लेगच्या, १९१८ च्या मानमोडीच्या साथीच्या, १९६१ च्या पानशेतच्या पुराच्या, १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाच्या आणि १९७२ च्या दुष्काळाच्या. “पानशेत फुटले तेव्हा हा मांडीवर होता,” हे आईचे वाक्य पुष्कळदा सरकारी दाखल्यापेक्षा खरे निघते, कारण पुराची तारीख पक्की आहे आणि मांडीवरचे मूल आईच्या डोळ्यांसमोर आहे.

दुसरे कारण गोल आकड्यांचे. नेमके वय ठाऊक नसले की माणूस शून्यावर किंवा पाचावर संपणारा आकडा सांगतो. चाळीस, पंचेचाळीस, साठ. इंग्रजी अमदानीतील खानेसुमारीच्या तक्त्यांत हे स्पष्ट दिसते. ३९ किंवा ४१ वर्षांच्या माणसांची संख्या बेताची, आणि ४० वर्षांच्या माणसांची मात्र भलतीच फुगलेली. हा फुगवटा मोजण्यासाठी संख्याशास्त्रात व्हिपलचा निर्देशांक म्हणून एक माप आहे. वये बिनचूक सांगितली गेली असतील तर तो १०० येतो. सर्वांनीच शून्यावर व पाचावर संपणारी वये सांगितली तर ५००. म्हणजे ही आपल्या आजीआजोबांचीच खोड नव्हती. तिला मोजण्याचे माप करावे लागले, इतकी ती जगभर पसरलेली होती.

तिसरे कारण आपल्या भाषेतच दडलेले आहे. “मुलाला सोळावे लागले” याचा अर्थ पंधरा पूर्ण झाली. पुढे सांगणाऱ्याच्या तोंडी ‘सोळावे’चे ‘सोळा’ होते आणि एक वर्ष आपोआप वाढते. जुन्या टिपणातले वय ‘चालू’ की ‘पूर्ण’ हे पाहिल्याखेरीज त्यावरून जन्मवर्ष काढू नये.

ही झाली अजाणता होणारी चूक. वयाला जेव्हा उपयोग आला, तेव्हा जाणूनबुजून केलेली चूकही आली. महाराष्ट्रात १ जून ही या दृष्टीने मोठी बोलकी तारीख आहे. खेड्यापाड्यांतील शाळांत मूल दाखल करताना जन्मतारीख कोणाला सांगता येत नसे. डोक्यावरून हात नेऊन मुलाला पलीकडचा कान धरता आला की ते शाळेच्या वयाचे झाले, असे मानीत. मग गुरुजी हिशेब करून वर्ष ठरवीत आणि शालेय वर्ष जूनमध्ये सुरू होते म्हणून तारीख घालीत १ जून. एका पिढीतील कितीतरी लोकांचे वाढदिवस त्यामुळे एकाच दिवशी येतात. त्यात कोणाचे कपट नव्हते. पण पुढे नोकरीची वर्षे वाढावीत म्हणून एखाद्याने मुलाचे वय दोन वर्षांनी कमी सांगितले, तर ते कपट त्याच रकान्यात, त्याच शाईने बसे. आज दाखला हाती घेणाऱ्याला त्या दोहोंत फरक दिसत नाही.

लग्नाच्या बाजारात वय दोन्ही बाजूंनी हलते. बिजवराचे वय कमी सांगायचे, उपवर मुलीचेही कमी सांगायचे, आणि कायद्याची मर्यादा आडवी आली की मुलीचे वाढवून सांगायचे. १९२९ साली बालविवाह प्रतिबंधक कायदा संमत झाला. अजमेरचे हरबिलास सारडा यांनी त्याचे विधेयक मांडले होते, म्हणून तो सारडा कायदा. आपल्याकडे त्याचा उच्चार ‘शारदा कायदा’ असा रूढ झाला आणि पुष्कळांना त्याचा संबंध देवलांच्या १८९९ च्या ‘संगीत शारदा’ नाटकाशी असावा असे वाटू लागले. विषय जवळचा असल्याने तो गैरसमज स्वाभाविकच होता. या कायद्याने विवाहासाठी मुलीचे वय किमान १४ आणि मुलाचे किमान १८ ठरवले. १९४९ मध्ये मुलीची मर्यादा १५ झाली आणि १९७८ मध्ये मुलीसाठी १८ व मुलासाठी २१. मर्यादा पुढे सरकली, तशी सांगण्यातली वयेही पुढे सरकण्याला निमित्त मिळाले.

या बाबतीत आपण एकटे नाही, हे सांगण्यासाठी आयर्लंडचे उदाहरण पुरेसे आहे. तेथे १९०८ च्या कायद्यान्वये सत्तर वर्षांच्या गरजू वृद्धांना १ जानेवारी १९०९ पासून निवृत्तिवेतन सुरू झाले. परंतु त्या देशात सर्व जन्मांची सरकारी नोंद १८६४ पासूनची. तेव्हा सत्तरीतल्या कोणाकडेच जन्माचा दाखला नव्हता. पुढे १९११ च्या खानेसुमारीत असे दिसले की, १९०१ नंतरच्या दहा वर्षांत कित्येक माणसे दहापेक्षा जास्त वर्षांनी म्हातारी झाली आहेत! वयाचा पुरावा म्हणून लोक १८४१ आणि १८५१ च्या खानेसुमारीतील आपल्या कुटुंबाच्या नोंदींचे उतारे मागवीत. त्या मूळ नोंदी पुढे १९२२ साली डब्लिनच्या अभिलेखागाराला लागलेल्या आगीत बहुतांश जळाल्या. निवृत्तिवेतनासाठी काढलेले उतारे मात्र मागे उरले आणि आज तिथल्या वंशावळकारांना त्यांचाच आधार आहे. ज्या गरजेने वय वाढवून सांगायला लावले, तिनेच खरे वय शोधण्याचे साधनही मागे ठेवले.

आपल्या घराण्यांत आणखी एक अडचण आहे ती कालगणनेची. आपल्या चोपड्यांत विक्रम संवत, पत्रिकेत शालिवाहन शक, मंदिराच्या आणि पोथीच्या लेखांत कधी वीर निर्वाण संवत, आणि कचेरीत इसवी सन. त्यातही विक्रम संवत दोन प्रकारचे. गुजराती पद्धतीचे आणि येथील पेढ्यांवर चालणारे वर्ष दिवाळीनंतर कार्तिक शुद्ध प्रतिपदेला बदलते. मारवाडातील पंचांगाचे वर्ष चैत्रात बदलते. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत दोन्हींचा आकडा सारखा असतो, म्हणून चूक लक्षात येत नाही. चैत्रापासून आश्विनापर्यंत मात्र एका वर्षाचा फरक पडतो. संवत १९७५ चा आषाढ मारवाडी गणनेने जुलै १९१८ मध्ये येतो आणि चोपडीच्या गणनेने जुलै १९१९ मध्ये. भाटाच्या बहीतले वर्ष आणि दुकानाच्या वहीतले वर्ष एकच मानून वजाबाकी केली, तर कोणीही खोटे न बोलता वय एका वर्षाने चुकते. वीर निर्वाण संवताचे गणित त्या मानाने सोपे आहे. ते दिवाळीला बदलत असल्याने कार्तिकी विक्रम संवतात ४७० मिळवले की तो आकडा येतो.

आता हे सारे एका कुटुंबात कसे गुंतते, ते पाहण्यासाठी एक कुटुंब कल्पनेने उभे करू. घरातील पणजीबाईंचा मृत्यू १९९६ मधला. दाखल्यात वय ८०. त्यावरून जन्मवर्ष १९१६. घरातील सांगणे असे की, “लग्नात त्या सोळा वर्षांच्या होत्या.” लग्नाची तिथी पत्रव्यवहारात सापडते: फाल्गुन शुद्ध, संवत १९८६. म्हणजे मार्च १९३०. दाखल्याप्रमाणे त्या वेळी वय होते सुमारे चौदा. सोळा आणि चौदा, दोन वर्षांचाच फरक आहे, म्हणून बहुतेक लोक येथेच थांबतील आणि पुस्तिकेत ‘जन्म १९१६’ छापून मोकळे होतील.

पण समजा, त्यांच्या माहेरच्या दुकानाचा जुना रोजमेळ कोणीतरी जपून ठेवला आहे. त्यात संवत १९७५ च्या आषाढ शुद्धात घरखर्चाच्या खाली एक ओळ आहे: सुईणीस लुगडे व रोख एक रुपया. वही दिवाळीला सुरू झालेली, तेव्हा हा आषाढ जुलै १९१९ चा. त्या घरात त्या वर्षी दुसरे मूल जन्मलेले नाही. मग मार्च १९३० मध्ये त्या मुलीला दहा वर्षे पूर्ण होऊन अकरावे चालू होते. सोळा नाही, चौदाही नाही, दहा.

आणि मग त्या तिथीचाही अर्थ उलगडतो. सारडा कायदा १ एप्रिल १९३० पासून अमलात यायचा होता. तो लागू होण्यापूर्वीच्या महिन्यांत देशभर लहान मुलांमुलींची लग्ने घाईघाईने उरकण्यात आली, आणि १९३१ च्या खानेसुमारीत विवाहित मुलामुलींच्या वाढलेल्या संख्येत त्याचे प्रतिबिंब पडले. फाल्गुन शुद्धातले हे लग्न त्याच घाईतले. पहिले अपत्य संवत १९९१ च्या कार्तिकात, म्हणजे नोव्हेंबर १९३४ मध्ये झाले असेल, तर आई तेव्हा पंधरा वर्षांची होती. घरच्या सांगण्याप्रमाणे ती वीस वर्षांची ठरली असती.

येथे कोणी खोटे बोलले काय? पणजीबाईंना आपले वय जसे सांगण्यात आले, तसे त्यांनी सांगितले. ‘सोळा’ हा आकडा बहुधा कायदा सर्वांच्या अंगवळणी पडल्यानंतर केव्हातरी घरात रुजला असेल, कारण तो ऐकायला बरा वाटे. ‘८०’ हा आकडा अंत्यसंस्काराच्या धावपळीत नातवाने सांगितलेला. सुईणीची ओळ मात्र कोणाला काही पटवून देण्यासाठी लिहिलेली नव्हती. मुनिमाने रुपया गेला म्हणून तो खर्ची टाकला, इतकेच. म्हणूनच ती सर्वांत विश्वासार्ह आहे.

व्यापाऱ्याला हे तत्त्व नव्याने शिकवावे लागत नाही. खतावणीत चूक दिसली तर आपण रोजमेळ उघडतो, कारण व्यवहार घडला त्याच दिवशीची नोंद तेथे असते. खतावणी ही मागाहून उतरवलेली. वयाचेही तसेच आहे. जन्माच्या वेळी झालेली नोंद म्हणजे रोजमेळ, आणि शाळेचा दाखला, लग्नाची माहिती, मृत्यूचा दाखला या खतावण्या. प्रत्येक आकड्यापुढे तीन प्रश्न विचारावेत: हा आकडा कोणी सांगितला, घटनेनंतर किती दिवसांनी सांगितला, आणि तो सांगताना त्याचे काय साधत होते? जेथे काहीच साधत नव्हते, तेथला आकडा अधिक वजनाचा.

हाताशी रोजमेळ नसेल, तर इतर आधार आहेत. जुनी जन्मपत्रिका असेल, तर तिच्यावरचे वर्ष कोणी खोडले किंवा बदलले असले तरी कुंडलीतील ग्रह बदलणे सोपे नसते. गुरूला राशिचक्राची एक फेरी पुरी करायला सुमारे बारा वर्षे लागतात, शनीला सुमारे साडेएकोणतीस. गुरू वर्षाला सुमारे एक रास सरकतो, म्हणून वयातील दोन वर्षांची काटछाट त्याच्या जागेवरून उघड होते. आणि गुरू व शनी दोघांची रास एकत्र पाहिली, तर पंचांग जाणणारा माणूस जन्मवर्ष बहुधा नेमके काढून देतो. पत्रिकेच्या फलिताविषयी कोणाचे मत काहीही असो, आकाशाची नोंद म्हणून ती उपयोगी आहे. धाकट्या-थोरल्या भावंडांच्या वयांतील अंतरही तपासून पाहावे. दोन सख्ख्या बहिणींच्या जन्मात पाच महिन्यांचे अंतर निघाले, तर एक तरी आकडा चुकलेला आहे, हे सांगायला पुरावा नको.

भाट आणि वहीवंचा यांच्या बह्या वंशाच्या शाखा सांगण्यात वाकबगार. परंतु त्यांत मुलग्यांची रांग असते, मुलींची नावे क्वचित. धातुप्रतिमांवरील लेखांत आणि हस्तलिखित पोथ्यांच्या पुष्पिकांत संवत, मास, तिथी व श्रेष्ठींचे कुटुंब तपशिलाने येते; पण वय त्यांतही नसते. त्यामुळे घरातील स्त्रियांचे वय सर्वांत कमी आधारावर उभे आहे, आणि तेच सर्वांत जास्त वेळा बदलले गेले आहे.

कोणी म्हणेल, इतका खल कशाला? सोळा काय आणि दहा काय, माणूस तर गेले. याला दोन उत्तरे आहेत. पहिले व्यवहाराचे. हृदयविकाराची तपासणी करताना डॉक्टर विचारतात, वडिलांना किंवा भावाला हा आजार ५५ वर्षांच्या आत झाला होता काय, आईला किंवा बहिणीला ६५ च्या आत झाला होता काय. वडील ‘साठीचे होऊन’ गेले असे घरात सांगितले जात असेल आणि खरे वय ५२ असेल, तर मुलाचा धोका कागदावर कमी दिसेल. त्या एका गोल आकड्याने पुढच्या पिढीची सावधगिरी हिरावली जाते.

दुसरे उत्तर त्या पणजीबाईंचे आहे. सोळाव्या वर्षी सासरी आलेली स्त्री आणि दहाव्या वर्षी आलेली मुलगी, या दोघींनी सोसलेले सारखे नव्हे. “लोक काय म्हणतील?” या भयाने पुस्तिकेत सोळा छापले, तर झाकले जाते ते मोठ्यांच्या निर्णयाचे वय, आणि पुसले जाते ते त्या मुलीचे बालपण. लाज वाटावी असे तिने काहीच केले नव्हते. दहाव्या वर्षी घर सोडून, पंधराव्या वर्षी आई होऊन तिने जो संसार उभा केला, तो त्याच्या खऱ्या मापाने तिच्या नावे जमा व्हावा, हे तिचे येणे आहे. आणि ते देणे फेडणारे आता आपणच आहोत.

सत्याणुव्रताच्या अतिचारांत तत्त्वार्थसूत्राने ‘कूटलेखक्रिया’ वेगळी सांगितली आहे, म्हणजे खोटा लेख तयार करणे. आपल्या पूर्वजांच्या मनात तेव्हा बहुधा दुकानाच्या वह्या आणि दस्तऐवज असतील. कुटुंबाच्या इतिहासाची वही त्यातून वगळण्याचे कारण दिसत नाही. पूर्वी कोणी वय चुकीचे सांगितले, तो त्यांच्या परिस्थितीचा भाग होता. खरे कळल्यावरही आपण चुकीचे लिहिले, तर तो लेख आपला ठरतो.

तेव्हा लिहिणाऱ्यांनी एवढे करावे. वेगवेगळे आकडे सापडले तर त्यांतला एक निवडून बाकीचे फेकू नयेत. सर्व लिहावेत, प्रत्येकापुढे आधार लिहावा, आणि आपल्याला कोणता पटतो व का, ते एका ओळीत नमूद करावे. वरच्या उदाहरणात नोंद अशी होईल: ‘जन्म आषाढ शुद्ध, संवत १९७५ (जुलै १९१९), आधार माहेरचा रोजमेळ. मृत्यूच्या दाखल्यात वय ८०. घरातील सांगण्याप्रमाणे लग्नसमयी १६.’ तिथी मूळ स्वरूपातच ठेवावी आणि इसवी सन शेजारी द्यावा, म्हणजे रूपांतर चुकले असेल तर पुढच्याला ते दुरुस्त करता येईल. आधार नसेल तेथे ‘अंदाजे’ हा शब्द लिहायला संकोच करू नये. सरकारी दाखल्यातील तारीख बदलणे हा वेगळा, कायद्याचा विषय आहे. येथे प्रश्न फक्त घरच्या वहीचा आहे.

वृद्धांना विचारताना उलटतपासणीचा सूर नको. “तुमचे खरे वय काय?” या प्रश्नाने माणूस मिटतो. “आजीबाई, मानमोडीच्या गोष्टी तुमच्या आईने सांगितल्या होत्या का? पानशेतच्या वेळी तुम्ही कोठे होता? तेव्हा कडेवर कोण होते?” असे विचारले तर वर्षे आपोआप बाहेर येतात. जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे आणि त्या दिवसाची तारीख घालावी.

१ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत जन्माचा दाखला हाच जन्मतारखेचा पुरावा मानण्याची तरतूद झाली आहे. त्या मुलांचे वय शोधायला कोणाला रोजमेळ उघडावा लागणार नाही. पण त्यांच्या पणजी-पणजोबांचे वय सांगणारी माणसे आज घरोघर खाटेवर बसलेली आहेत, आणि जुन्या चोपड्या माळ्यावर आहेत. या दिवाळीत चोपडापूजनासाठी नवी वही आणाल, तेव्हा माळ्यावरची एक जुनी वही खाली उतरवा आणि घरखर्चाची पाने उलटून पाहा. कोणत्या तरी आषाढात सुईणीला दिलेला रुपया तेथे अजून खर्ची पडलेला असेल.